हेडिंगमध्ये अडलेले आकडे

या वेळची पत्रं वाचताना लक्षात आलं, की गणित कुणाचंच अडलेलं नाही. प्रतिगमन जमतंय, टी-चाचणी जमतेय. घोडं पेंड खातंय ते त्याच्या कितीतरी आधी, कॉलमच्या नावापाशी. तेव्हा हा अंक त्यालाच देऊन टाकते.

प्रोग्रामातल्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. आणि मी ‘आर’ म्हणते तेव्हा सांख्यिकीची ती प्रोग्रामिंग भाषा समजा, सातबाऱ्यावरचा आर नव्हे. पहिल्याच पत्रात दोन्ही आर आहेत, म्हणून आधी सांगून ठेवलं.

मॅडम, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत द्राक्षबागांची माहिती मी सांभाळतो. एका फाइलमध्ये छाटणीच्या तारखा आहेत, दुसरीत तोडणीच्या वेळचं ब्रिक्स (गोडीचं माप) आणि मण्यांचा आकार. दोन्हींत ‘शेतकऱ्याचे नाव’ हा कॉलम आहे. जोडायला गेलं की प्रोग्राम म्हणतो, दुसऱ्या फाइलमध्ये असा कॉलमच नाही. मला तर समोर दिसतोय! क्षेत्राच्या कॉलमचाही घोळ आहे, एकूण हेक्टर फारच जास्त येतात. — एक वाचक, दिंडोरी

तुमचंही खरं आणि प्रोग्रामचंही खरं. तुम्ही डोळ्यांनी वाचता, तो क्रमांकांनी. माझा पहिला संशय ‘ऱ्या’वर आहे.

शेतकऱ्याचे, वाऱ्याचा, दऱ्या यांतला हा र संगणकात एकाच तऱ्हेने साठवला जात नाही. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्यापुढे हलन्त लिहितात. युनिकोडच्या यादीत त्यांचे क्रमांक २३५३ आणि २३८१. काही कळफलक साधा ‘र’ (२३५२), हलन्त (२३८१) आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५) लिहितात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुमची एक फाइल ऑफिसातल्या संगणकावर आणि दुसरी बागेत उभं राहून मोबाइलवर भरली गेली असेल, तर हे होणारच.

तपासायला प्रोग्रामही लागत नाही. एक्सेलमधलं ‘लेन’ हे फंक्शन दोन्ही हेडिंगांवर लावा. पहिल्या तऱ्हेच्या ‘शेतकऱ्याचे नाव’ची लांबी १४ येईल, दुसऱ्या तऱ्हेची १५. मात्रा, हलन्त, मधली मोकळी जागा हे सगळं त्यात मोजलं जातं. नेमकं काय जास्त आहे ते बघायचं असेल तर आरमध्ये ‘यूटीएफ८टूइंट’ला हेडिंग द्या, तो एकेका चिन्हाचा क्रमांक ओळीने मांडतो. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हेच काम ‘ऑर्ड’ करतो, एका वेळी एक चिन्ह घेऊन.

दुरुस्ती करताना एक खड्डा आहे. ‘अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाका’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. इंग्रजी हेडिंगांना तो ठीक आहे. मराठीत ८२०५ नुसता उडवलात तर ‘शेतकऱ्याचे’चा र उडी मारून डोक्यावर जाऊन बसतो आणि ‘शेतकर्याचे’ होतं. दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून २३५२-२३८१-८२०५ या त्रिकुटाच्या जागी २३५३-२३८१ ही जोडी घालायची, आणि ती घातल्यावरच बाकीची अदृश्य चिन्हं झाडायची. युनिकोडचं ‘एनएफसी’ नावाचं प्रमाणीकरण आहे, पण ते इथे अर्धंच काम करतं: साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा लिहिलेला ऱ ते एकत्र करून देतं, जोडचिन्हाच्या ऱ्याला मात्र हात लावत नाही. ‘ॲसिडिटी’च्या कॉलमचंही असंच. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वेगळं, आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं वेगळं, प्रमाणीकरण त्यांनाही एक मानत नाही. तेही हातानेच एकीकडे वळवावं लागतं.

ऱ्या निर्दोष निघाला तर मोकळ्या जागा बघा. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात १६० क्रमांकाची, न तुटणारी मोकळी जागा येते. एक्सेलचं ‘ट्रिम’ तिला ओळखत नाही, आरचं ‘ट्रिमडब्ल्यूएस’ही नेहमीच्या रूपात ओळखत नाही, पायथॉनचं ‘स्ट्रिप’ ओळखतं. आणि कॉलम अरुंद दिसावा म्हणून कुणी हेडिंगच्या मध्येच ऑल्ट-एंटर दाबलेलं असतं, ते तर सरकारी-निमसरकारी तक्त्यांचं व्यवच्छेदक लक्षणच म्हणायला हवं.

एवढं सांगून झाल्यावर मूळ गोष्ट: नावावर फाइली जोडूच नका. एका शेतकऱ्याच्या दोन बागा असतात, एका गावात एकाच नावाचे दोघे असतात. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या नोंदणी-प्रणालीवर निर्यातीसाठी नोंदवलेल्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळतो, तो वापरा. ज्या बागा तिथे नाहीत त्यांना तुमचा स्वतःचा संकेतांक द्या. गट क्रमांक हा पर्याय वाटेल, पण तो एक्सेलमध्ये टाइप करताना कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घेतलेला हवा. नाहीतर गट १२/३ चा १२ मार्च होतो, आणि एकदा झाला की मूळ आकडा परत मिळत नाही.

आता क्षेत्र. तुमच्या कॉलमचं नाव नुसतं ‘क्षेत्र’ आहे, घोळ तिथेच आहे. सातबाऱ्यावरून घेणाऱ्याने १.२० लिहिलं तर ते १ हेक्टर २० आर. शेतकऱ्याला विचारून लिहिणाऱ्याने १.२० लिहिलं तर ते १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, म्हणजे सुमारे ०.६१ हेक्टर. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट! कॉलम दोन करा, ‘क्षेत्र_हे’ आणि ‘क्षेत्र_एकर’, आणि गुंठ्यांना तिसरा. नाव आखूड ठेवा असं मी सगळ्यांना सांगते, पण एककाचं शेपूट कापू देत नाही. मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये, घडाचं वजन ग्रॅममध्ये, हे नावातच दिसलं पाहिजे.

मॅडम, कृषी अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी कांद्याचे बाजारभाव घेतले आहेत. ‘मिन प्राइस (आरएस./क्विंटल)’ या इंग्रजी हेडिंगची आरने टिंबांची माळ केली. २०२३ हा कॉलम ‘एक्स२०२३’ झाला. एका एक्सेल फाइलमध्ये महिन्यांचे कॉलम आहेत, त्यांची नावं ४५३५२, ४५३८३ अशी दिसतात. सर म्हणतात, सरळ एक्सेलमध्येच हेडिंगं दुरुस्त करून घे. करू का? — एक विद्यार्थिनी, निफाड

नका करू. सरांना माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

बाजार समितीची मूळ पावती आपण खाडाखोड न करता फाइलला लावून ठेवतो आणि हिशेब वहीत करतो. आलेल्या फाइलचं तसंच आहे. पुढच्या महिन्यात नवी फाइल येईल, तिची हेडिंगं पुन्हा वाकडीच असतील, आणि मागच्या वेळी तुम्ही कशाचं काय केलं होतं हे कुठेच लिहिलेलं नसेल. त्याऐवजी तीन कॉलमांची एक छोटी फाइल करा. पहिल्यात मूळ हेडिंग, जसंच्या तसं, टिंब-कंसासकट. दुसऱ्यात कामाचं नाव, इंग्रजी अक्षरांत, जसं ‘दर_किमान_क्विं’. तिसऱ्यात मराठी लेबल, जे आलेखावर आणि प्रबंधात छापायचं: ‘किमान दर (रुपये प्रति क्विंटल)’. प्रोग्रामने फाइल वाचायची, हेडिंगं या यादीशी ताडायची आणि नावं बदलायची. यादीत नसलेलं हेडिंग आलं तर त्याने तिथेच थांबायला हवं. हा थांबा महत्त्वाचा, तो गाळू नका.

आणि नाव बदलताना ‘तिसरा कॉलम म्हणजे किमान दर’ असं क्रमांकाने कधीही करू नका. मधेच कुणी ‘वाण’ हा कॉलम घातला की सगळं एक घर सरकतं. आवकेच्या क्विंटलांना तुम्ही किमान दर म्हणू लागता. दोन्ही हजारांतले आकडे, चूक म्हणून काही पुढे येणार नाही, लाल आणि उन्हाळ कांद्याच्या भावावर निष्कर्षही निघतील.

आता टिंबं कुठून आली ते. आरमध्ये साध्या नावात अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, आणि सुरुवात अंकाने होत नाही. फाइल वाचणाऱ्या ‘रीड.सीएसव्ही’ला हा नियम पाळायचाच असतो, म्हणून तो मोकळी जागा, कंस, तिरकी रेघ अशा प्रत्येक नको त्या चिन्हाच्या जागी टिंब ठेवतो आणि अंकाच्या आधी एक्स लावतो. तुमच्या त्या हेडिंगमध्ये अशी सहा टिंबं झाली असतील, त्यातलं एक मूळचंच. ‘चेक.नेम्स’ला ‘फॉल्स’ केलंत तर तो मूळ नाव तसंच ठेवतो. मग प्रत्येक वेळी ते नाव बॅकटिकमध्ये लिहायचं. बॅकटिक म्हणजे कळफलकावर १ च्या डावीकडचं, एस्केपच्या खालचं ते तिरकं चिन्ह. साधं अवतरणचिन्ह नव्हे. सूत्रात अवतरणचिन्ह घातलंत तर प्रोग्राम त्याला कॉलम न समजता शब्द समजतो.

जुन्या आर प्रोग्रामांत टिंबांचीच नावं का भेटतात, असाही प्रश्न पडेल. एके काळी आरमध्ये अंडरस्कोर हे किंमत ठेवायचं चिन्ह होतं, आजच्या बाणाच्या जागी. १.८.० या आवृत्तीत ते काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि २००४ मधल्या १.९.० पासून त्याला नावात बसायची परवानगी मिळाली. तोवर लोकांना टिंबाची सवय लागली होती. तुम्ही अंडरस्कोरच वापरा. पायथॉनमध्ये आणि सॅस, स्टाटा या सांख्यिकीच्या प्रोग्रामांतही चालतो.

‘जॅनिटर’ या पॅकेजमधलं, म्हणजे आरला जोडायच्या आयत्या आज्ञांच्या संचातलं, ‘क्लीन_नेम्स’ तुम्हाला कुणीतरी सुचवेल. इंग्रजी हेडिंगांसाठी मीही ते वापरते, झकास आहे. मराठी हेडिंगं मात्र ते आधी रोमन करतं आणि मग त्यांवरच्या रेघा-टिंबं पुसून टाकतं. ‘सरासरी दर’चं ‘सरासरी_दारा’ वाचावं असं काहीतरी होतं, ते एक वेळ सोसता येईल. पण ‘मळा’ आणि ‘माल’ या दोघांचंही एम-ए-एल-ए होतं! पॅकेज दुसऱ्याच्या शेपटाला २ लावून मोकळं होतं. आपल्याकडे मळ्याचं नाव आणि मालाचं वजन एका तक्त्यात शेजारी-शेजारी असतात. मराठी हेडिंगांची यादी हातानेच करा, एकदाच तर करायची आहे.

४५३५२ चं कोडं सोपं आहे. त्या घरात कुणी १ मार्च २०२४ ही तारीख ठेवून तिचं रूप ‘मार्च-२४’ केलं आहे. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांचा अनुक्रमांक. १ मार्च २०२४ चा ४५३५२, आणि ३१ दिवस मिळवले की १ एप्रिलचा ४५३८३. एक्सेल फाइल थेट वाचली की आत दडलेला आकडाच हातात येतो. एक्सेलच्या या तारीखवेडापायी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली: ‘मार्च१’ या जनुकाचं ‘मार्चएफ१’ केलं, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. तेव्हा शास्त्रज्ञ वाकले, एक्सेल नाही; अशी तारीख करणं बंद करायची सोय त्याने २०२३ मध्ये दिली.

पण मला विचाराल तर तुमच्या फाइलमध्ये २०२३ किंवा मार्च-२४ हे नाव असायलाच नको. ती माहिती आहे. महिना हा एक कॉलम हवा आणि दर हा दुसरा. प्रत्येक महिन्याला एक ओळ. आरमध्ये ‘पिव्हट_लाँगर’ आणि पायथॉनच्या पांडाज या पॅकेजमध्ये ‘मेल्ट’ हे आडव्याचं उभं करून देतात. मग एक्सही नको आणि बॅकटिकही नको.

जाता जाता: आरच्या साध्या डेटाफ्रेमला, म्हणजे तक्त्याला, डॉलरचं चिन्ह लावून ‘दर’ मागितलात, आणि तसा कॉलम नसला, पण ‘दर’ने सुरू होणारा एकच ‘दर_किमान’ असला, तर ती मुकाट्याने तोच देते. तक्त्याची दुसरी जात ‘टिबल’ असं करत नाही, बोंब मारते. टिबल वापरा.

मॅम, एमडीच्या प्रबंधासाठी गूगल फॉर्मवर प्रश्नावली घेतली. आता एसपीएसएस या सांख्यिकीच्या प्रोग्राममध्ये कॉलमची नावं म्हणजे अख्खे प्रश्न आहेत, तेही मधेच तुटलेले. आणि एका व्हेरिएबलचं नाव ‘ओआर’ ठेवलं तर तो घेतच नाही. — निवासी डॉक्टर, नाशिक

‘ओआर’ एसपीएसएसच्या राखीव शब्दांपैकी आहे. ऑल, अँड, बाय, नॉट, टू, विथ, शिवाय जीई, एलई, ईक्यू अशी तुलनेची संक्षिप्त रूपं, यांपैकी कुठलंही नुसतं नाव म्हणून चालत नाही. ‘ऑड्स_रेशो’ लिहा. ऑपरेशन रूम म्हणायचं असेल तर ‘ओटी’ म्हणा, नाहीतरी वॉर्डात तुम्ही तेच म्हणता.

एसपीएसएसमध्ये नावाला ६४ बाइटची मर्यादा आहे. अक्षरांची नव्हे, बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मात्रा धरून २१ चिन्हं. ‘आपण तंबाखू किंवा मिश्री वापरता का?’ हा प्रश्न ‘वापरता’ पुरा व्हायच्या आतच संपतो. १२ व्या आवृत्तीच्या आधी तर ही मर्यादा फक्त ८ होती, तुमच्या मार्गदर्शकांना ती नावं अजून आठवत असतील. फाइल आत घेताना नियमात न बसणारं मूळ हेडिंग एसपीएसएस लेबल म्हणून जपतं, ते मात्र पुसू नका. लेबलला चौपट जागा आहे. प्रबंधातले तक्ते लेबलवरून छापले जातात.

नावं प्रश्नक्रमांकावरून ठेवा: ‘क्यू०१_मिश्री’, ‘क्यू०२_बीडी’. शून्य लावायला विसरलात तर वर्णानुक्रमात १० हा २ च्या आधी येतो. आणि ‘क्यू०१ टू क्यू०९’ असं लिहून नऊ कॉलम एकदम घेता येतात, पण तो ‘टू’ फाइलमधल्या क्रमाने चालतो, आकड्यांच्या नाही. मधे कुणी वयाचा कॉलम आणून ठेवला असेल तर तोही बेरजेत जाईल.

अनेक पर्यायांवर खूण करायच्या प्रश्नांची उत्तरं गूगल फॉर्म एकाच घरात स्वल्पविराम देऊन कोंबतो. त्यांचे वेगळे होय-नाही कॉलम करा, आधी करा. आणि रुग्णाचं नाव व मोबाइल क्रमांक असलेले कॉलम विश्लेषणाच्या फाइलमध्ये कशाला आहेत? काढा ते.

गोदावरीच्या पाण्याचे नमुने गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड आणि तपोवन इथून घेतले. प्रयोगशाळेने सगळं कॅपिटलमध्ये पाठवलं: पीएच, डीओ, बीओडी, एनए. वाचल्यावर सोडियमच्या सगळ्या ओळी बिनघटकाच्या झाल्या. आणि बीओडीचा (जैविक ऑक्सिजन-मागणीचा) आलेख काढला तर त्यात सहाच ठिपके, माझे नमुने त्याहून पुष्कळ आहेत. — पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, पंचवटी

तुमचं पत्र या महिन्यातलं माझं सर्वात आवडतं.

सोडियमची खूण एन मोठा, ए लहान. प्रयोगशाळेने दोन्ही मोठी केली आणि ती आरच्या ‘माहिती नाही’ या खुणेशी जुळली. घटकाच्या कॉलममध्ये एनए दिसलं की ‘रीड.सीएसव्ही’ ती जागा रिकामी समजतो. पांडाजही तेच करतं. आरमध्ये ‘एनए.स्ट्रिंग्ज’ला रिकामं अवतरण द्या, पांडाजमध्ये ‘कीप_डिफॉल्ट_एनए’ला ‘फॉल्स’. मग रिकाम्या जागांची खरी खूण कोणती ते तुम्हालाच सांगावं लागेल. प्रयोगशाळा बहुधा ‘बीडीएल’ किंवा आडवी रेघ लिहिते. बीडीएल म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली, ते शून्य नव्हे आणि ‘माहिती नाही’ही नव्हे. त्याला वेगळा कॉलम द्या.

ते सहा ठिपके गोदावरीचे नाहीतच. आरसोबत सरावासाठी काही तक्ते येतात, त्यात ‘बीओडी’ नावाचाही एक आहे: पहिले पाच दिवस आणि सातवा, अशी ऑक्सिजन-मागणीची सहा निरीक्षणं. तुम्ही आपल्या तक्त्याचं नाव न सांगता नुसतं ‘प्लॉट’ला बीओडी दिलंत आणि त्याने घरचाच माल काढून दिला. वक्रही कसा देखणा आला असेल! नेहमी तक्त्याच्या नावासकट कॉलम मागा, आणि नावात एकक घाला: ‘बीओडी_मिग्रॅ_लि’. असं नाव आरच्या घरात कुणाचंच नाही.

पीएचचं एवढंच, की आर, पायथॉन आणि स्टाटामध्ये लहान-मोठ्या अक्षरांनी तीन वेगळे पीएच होतात, सॅस आणि एसपीएसएसमध्ये एकच. सगळं लहान अक्षरांत करून टाका. तेवढ्याने एनएचाही ‘एनए’ उरत नाही.

घरून क्लिनिकल सॅसचं काम करते. सॅसमध्ये ३२ अक्षरांची नावं चालत असताना आम्हाला अजून आठांतच का कोंबावं लागतं? — गंगापूर रोड

३२ अक्षरं सॅसच्या ७ व्या आवृत्तीपासून मिळाली. पण अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, तक्ते पाठवायची रूढ वाट म्हणजे सॅसच्या ट्रान्सपोर्ट फाइलची ५ वी आवृत्ती, आणि ती त्याआधीची. तिच्यात नाव ८ अक्षरांचं, लेबल ४० चं, मजकूर २०० चा. म्हणून रुग्णाच्या ओळख क्रमांकाचं ‘यूएसयूबीजेआयडी’ झालं आहे. ‘व्हॅलिडव्हारनेम’ या सेटिंगला ‘एनी’ करून आणि अवतरणापुढे ‘एन’ लावून सॅसमध्ये मोकळ्या जागांसकट कसलंही नाव ठेवता येतं, पण ते एक्सेलमधून आलेलं उचलून घेण्यापुरतंच वापरा. उचललं की लगेच बदला.

अंबडच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघतो, आता पायथॉन शिकतोय. व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली तर चालतील का? वर्गातले हसतात. — एक वाचक, सिडको

चालतात. पायथॉन ३ मध्ये ‘व्यास = २५.४’ असं बिनदिक्कत लिहा, मात्रा आणि जोडाक्षरांसकट; आकडा तेवढा इंग्रजी अंकांत. हसणाऱ्यांना चालवून दाखवा. फक्त वर दिंडोरीच्या पत्रात आलेलं ते ८२०५ चं जोडचिन्ह पायथॉनला नावात चालत नाही. ‘ऱ’ असलेलं नाव एखाद्या कळफलकावर चालेल आणि दुसऱ्यावर चूक दाखवेल.

तरी माझा सल्ला वेगळा. शिकताना, स्वतःपुरत्या वहीत, खुशाल मराठी नावं ठेवा. मी नव्या मुलांना तसंच शिकवते, ‘एक्स’ आणि ‘वाय’पेक्षा ‘व्यास’ आणि ‘जाडी’ लवकर कळतात. पण कारखान्यात ती फाइल उद्या पुण्याच्या किंवा चेन्नईच्या माणसाकडे जाणार, आणि दर दोन शब्दांनी कळफलक बदलून तुमचाही हात दुखणार. तिथे कामाचं नाव इंग्रजी अक्षरांत, लेबल मराठीत. पांडाजमध्ये कॉलमला ‘काउंट’, ‘साइज’, ‘रँक’ अशी नावं देऊ नका. टिंब लावून मागितलीत की कॉलम न येता त्याच नावाचं पांडाजचं स्वतःचं काहीतरी हातात येतं. चौकटी कंसात अवतरणचिन्हं देऊन मागायची सवय लावा, मग नावात मोकळी जागा असली तरी बिघडत नाही.

मराठी लेबलं आलेखावर छापताना ‘किमान’मधली वेलांटी क च्या पुढे सरकलेली दिसली तर घाबरू नका, तुमचं टायपिंग बरोबर आहे. पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये देवनागरीची जोडणी बऱ्याचदा अशी तुटते. आरमध्ये ‘रॅग’ पॅकेजमधून चित्र साठवलं की वेलांटी जागेवर येते. वर्गात आर शिकवत नसतील तर तेवढ्या एका चित्रापुरतं शिकून घ्या.